वेबसाइटचा सातबारा कुणाच्या नावावर? जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी,
जालना.



आपल्या कार्यालयाचं संकेतस्थळ ‘जालना डॉट गव्ह डॉट इन’ या पत्त्यावर आहे. हा पत्ता कुणा अधिकाऱ्याच्या वैयक्तिक नावावर नाही आणि कुठल्या ठेकेदाराच्या खात्यातही नाही. गव्ह डॉट इनखालची नावं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडून, म्हणजे एनआयसीकडून मिळतात आणि ती फक्त सरकारी यंत्रणांनाच मिळतात. जिल्हाधिकारी बदलले, पालकमंत्री बदलले, वेबसाइटचं रंगरूप बदललं, तरी पत्ता तोच राहतो. कार्यालयाचा ईमेलही पदनामावर असतो. अधिकाऱ्याची बदली झाली की पासवर्ड पुढच्या अधिकाऱ्याकडे जातो आणि टपाल अडत नाही. सरकारनं ही घडी नीट बसवली आहे.

जिल्ह्यातल्या छोट्या-मध्यम उद्योगांत मात्र नेमकं याच्या उलट चालतं. मोसंबी थेट ग्राहकाला पाठवू पाहणारी शेतकरी उत्पादक कंपनी असो, औद्योगिक वसाहतीतला बियाणे प्रक्रियेचा कारखाना असो, की शेवया-पापड-कुरडया विकणारा महिला बचत गट असो, वेबसाइटचं नाव बहुधा ती बनवून देणाऱ्या मुलाच्या खात्यात असतं. जीमेल त्याचा, मोबाइल नंबर त्याचा, पासवर्ड त्याचा. मालकाच्या हातात बिल तेवढं असतं आणि त्यावर एकच ओळ असते: ‘वेबसाइट, डोमेन व होस्टिंगसह, एक वर्ष’. पुढे आकडा, खाली सही. मालक पैसे देतो, मोबाइलवर आपलं नाव उघडून बघतो, घरच्यांना दाखवतो आणि कामाला लागतो. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

आपण जिल्ह्याच्या महसूल यंत्रणेचे प्रमुख आहात, म्हणून गोष्ट सातबाऱ्याच्या भाषेत सांगितलेली बरी. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, ही जमीन. होस्टिंग, डिझाइन, फोटो, मजकूर हे सगळं तिच्यावरचं बांधकाम. बांधकाम पाडून पुन्हा उभं करता येतं. पण उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं असेल, तर बांधकामावर केलेला खर्च कितीही असो, हक्क सांगायला जागा उरत नाही. शिवाय ही जमीन कायमची कुणाचीच होत नाही. नाव एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी घेता येतं आणि मुदत संपण्याआधी नूतनीकरण करावं लागतं. जमीन घेताना जो माणूस तीस वर्षांचे फेरफार काढून बघतो, वकिलाचा सल्ला घेतो, चतुःसीमा मोजून घेतो, तोच माणूस धंद्याचं इंटरनेटवरचं नाव घेताना एक फोन करतो आणि ‘टाक रे बाबा करून’ म्हणतो.

हे नाव मिळतं कसं? ‘डॉट इन’ने संपणाऱ्या नावांची मूळ नोंदवही नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी या 2003 साली स्थापन झालेल्या संस्थेकडे असते. 2005 पासून ही नावं सर्वसामान्यांना खुली झाली. ‘डॉट कॉम’ची नोंदवही व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे असते. ग्राहक या दोघांकडे थेट जात नाही. मध्ये रजिस्ट्रार नावाचे अधिकृत विक्रेते असतात आणि त्यांच्याखाली पुन्हा रीसेलर. व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून वर्षाला एका डॉट कॉम नावाचे 10.26 डॉलर घेते. हा दर सप्टेंबर 2024 पासूनचा. त्यावर विक्रेत्याचा नफा आणि 18 टक्के जीएसटी. म्हणजे साधं डॉट कॉम किंवा डॉट इन नाव वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपयांत पडतं. इतकी किरकोळ रक्कम असते, म्हणूनच तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही.

नोंदणीचा नियम साधा आहे: जो आधी मागेल त्याला नाव. त्या नावावर आपला हक्क असल्याचा पुरावा विकणारा मागत नाही. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे दुसऱ्या भागातली मोसंबी ‘जालना मोसंबी’ म्हणून विकणं बेकायदा ठरतं. पण म्हणून त्या नावाचं डोमेन बागायतदारांच्या संघासाठी कुणी राखून ठेवत नाही. बेंगळुरूत किंवा बोस्टनमध्ये बसलेला कुणीही ते पाच मिनिटांत घेऊ शकतो. मग बागायतदारांनी त्याच्यामागे कायदा घेऊन धावायचं.

जालन्याला ही गोष्ट इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त लागू पडते, कारण हा जिल्हा नावावर धंदा करतो. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली इथे महिकोची स्थापना केली, त्यांना 1998 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि त्या पायावर बियाण्यांच्या कंपन्यांचं अख्खं गाव उभं राहिलं. बियाण्याच्या पिशवीत काय आहे हे पेरणी होऊन कोंब वर येईपर्यंत शेतकऱ्याला कळत नाही. तो पिशवीवरचं नाव बघून पैसे देतो. सळईचंही तेच. औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्यांमधून निघणारी सळई राज्यभरातल्या बांधकामांवर जाते, आणि सळईवर उठवलेलं ब्रँडचं नाव हीच घर बांधणाऱ्याची खात्री. रेशीम कोषांची बाजारपेठ आली, समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, आणि आता इथला माल मधल्या दलालाशिवाय मुंबई-नागपूरच्या ग्राहकापर्यंत पोचू शकतो. पोचण्याआधी ग्राहक मोबाइलवर ते नाव शोधणार. तिथे काय उघडतं, हा प्रश्न गमतीचा राहिलेला नाही.

आता मुदत संपते तेव्हा काय होतं ते जवळून बघू. डॉट कॉमसारख्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या संस्थेनं रजिस्ट्रारना बंधन घातलं आहे: मुदत संपायच्या सुमारे महिनाभर आधी एक सूचना, आठवडाभर आधी दुसरी आणि संपल्यावर पाच दिवसांत तिसरी. तिन्ही सूचना नोंदणीत लिहिलेल्या ईमेलवर जातात. तो ईमेल वेबसाइट बनवणाऱ्या मुलाचा. मुलगा दोन वर्षांपूर्वी नोकरी लागून पुण्याला गेला, जुना जीमेल उघडायचं त्यानं सोडून दिलं. तो काही फसवणारा नव्हे. त्याच्या डोक्यातूनच विषय गेलेला असतो. मुदत संपते, वेबसाइटच्या जागी जाहिरातींचं पान दिसू लागतं, धंद्याच्या नावाचा ईमेलही बंद पडतो. मालकाला वाटतं, नेट स्लो आहे. रजिस्ट्रारच्या धोरणानुसार फार तर 45 दिवस नेहमीच्या दरात नूतनीकरण होऊ शकतं. पुढचे 30 दिवस नाव सोडवून घ्यायला दंडासकट बरीच मोठी रक्कम लागते. नंतर 5 दिवस कुणालाच काही करता येत नाही. त्यानंतर नाव बाजारात मोकळं, आणि अशा सुटलेल्या नावांवर टपून बसलेली यंत्रं ते काही सेकंदांत उचलतात.

हे फक्त आडगावच्या धंद्याचं होतं असं नाही. 1999 च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारखी कंपनी ‘पासपोर्ट डॉट कॉम’ या नावाचं नूतनीकरण विसरली. हॉटमेलचं लॉगिन त्या नावावर अवलंबून होतं, त्यामुळे लोकांना आपला मेल उघडेना. शेवटी अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरनं स्वतःच्या क्रेडिट कार्डवरून 35 डॉलर भरले आणि गाडी रुळावर आली. मायक्रोसॉफ्टला असा भला माणूस भेटला. बदनापूरच्या ज्यूसवाल्याला भेटेलच असं नाही.

नोंदणी नव्या नावाची असो की मालकाची माहिती बदललेली असो, आणखी एक छोटी अट असते. आयकॅनच्या नियमानुसार दिलेला ईमेल खरा असल्याचं पंधरा दिवसांत लिंक दाबून सांगावं लागतं, नाहीतर नाव तात्पुरतं बंद होतं. उद्घाटनाची पत्रिका छापून, वेबसाइटचा क्यूआर कोड वाटून झाल्यावर ती बंद पडली, तर बहुतेक वेळा कारण एवढंच असतं. मालकाला बापड्याला वाटतं हॅक झाली.

नावाशी मिळतंजुळतं नाव, हा दुसरा धोका. मुंबई उच्च न्यायालयापुढे 1999 साली रेडिफ कंपनीचा दावा आला होता. समोरच्यानं एक अक्षर बदलून ‘रॅडिफ डॉट कॉम’ घेतलं होतं. न्यायालयानं रेडिफच्या बाजूनं निकाल दिला आणि डोमेन हा निव्वळ पत्ता नसून धंद्याची मालमत्ता आहे हे मान्य केलं. 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असं सांगितलं. कायदा बाजूनं आहे, पण तो वापरायला खर्च येतो. डॉट कॉम नावाबद्दल जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे तक्रार करायची तर एक पंच नेमला तरी फीच 1500 डॉलर आहे, वकील वेगळा. तेवढ्या पैशांत आपल्या नावाची दोन-चार जवळची रूपं कितीतरी वर्षं राखून ठेवता येतात. जालना एका ‘ए’नं लिहिणारे आहेत, दोन ‘ए’नं लिहिणारे आहेत, मोसंबीची इंग्रजी स्पेलिंगं तर विचारूच नयेत. फोनवर सांगितलेलं नाव गिऱ्हाईक ज्या तऱ्हेनं टाइप करेल त्या तऱ्हा घेऊन ठेवाव्यात. त्यात काटकसर नको.

सळईच्या व्यापारात तर हे प्रकरण थेट बँक खात्यापर्यंत जातं. लाखोंची बिलं ईमेलवर जातात. एका अक्षराचा फरक असलेल्या डोमेनवरून ‘आमचं बँक खातं बदललं आहे, पुढची रक्कम या खात्यावर भरा’ असा मेल आला आणि समोरच्या ठेकेदारानं पैसे भरले, की ती रक्कम परत मिळणं महाकठीण. जी कंपनी अजून जीमेलवरूनच बिलं पाठवते, तिच्या ग्राहकाला खरा-खोटा ओळखायला काही खूणच उरत नाही. स्वतःच्या डोमेनवरचा ईमेल आणि मेल खरोखर त्याच डोमेनवरून आल्याची खूण पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नोंदी करणं हे तासाभराचं काम आहे. होस्टिंग देणाऱ्याला या तीन नोंदी करून द्यायला सांगावं. तो टाळाटाळ करत असेल तर दुसरा शोधावा.

इथून पुढचा मुद्दा थेट आपल्या अखत्यारीतला आहे. सौर कृषिपंप बसवण्यात जालना जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला आहे. सौरपंपांसाठीच्या पीएम-कुसुम योजनेच्या नावानं खोट्या वेबसाइटचं पेव फुटलं. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाला वारंवार इशारे द्यावे लागले की अमुक पत्ते आमचे नाहीत, तिथे नोंदणी फी भरू नका. लोक सांगतात, ‘गव्ह डॉट इन बघा आणि मगच भरा.’ सल्ला चांगला आहे, पण महाराष्ट्रात तो पुरा पडत नाही. महावितरणचा अधिकृत पत्ता ‘महाडिस्कॉम डॉट इन’ आहे. महाऊर्जेचा ‘महाऊर्जा डॉट कॉम’. म्हणजे सौरपंपाचा अर्ज ज्या दोन दारांतून जातो, त्यांतलं एकही गव्ह डॉट इन नाही. घनसावंगीच्या शेतकऱ्यानं डॉट कॉमवाल्या खऱ्या साइटवर विश्वास ठेवायचा आणि डॉट कॉमवाल्या खोट्या साइटवर ठेवायचा नाही, तो कशाच्या आधारावर? हा गोंधळ शेतकऱ्यानं केलेला नाही.

रिझर्व्ह बँकेला हे उमगलं. फेब्रुवारी 2025 मध्ये तिनं जाहीर केलं की बँकांची नावं ‘बँक डॉट इन’खालीच असतील. ही नावं हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडून मिळतात आणि बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत तिकडे यायला सांगण्यात आलं. आपल्या भागातल्या नागरी सहकारी बँकाही त्यात आल्या. शेवटचे दोन शब्द बघितले की बँक खरी की खोटी, हे खातेदाराला कळू लागतं. सौरपंप, पीकविमा, ठिबक अनुदान यांच्यासाठी अशी सोय राज्य पातळीवर व्हायला हवी. ती होईपर्यंत जिल्ह्यापुरती अधिकृत पत्त्यांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि प्रत्येक आपले सरकार सेवा केंद्रात मोठ्या अक्षरांत लागली पाहिजे. ही यादी तयार करायला आपल्या कार्यालयाला एक दुपार पुरेल.

आता होस्टिंग. इथे उद्योजक उलट चूक करतो: नावाकडे ढुंकून बघत नाही आणि होस्टिंगच्या जाहिराती मात्र आठवडाभर चाळत बसतो. होस्टिंग म्हणजे वेबसाइटच्या फाइली ठेवायला भाड्यानं घेतलेली संगणकावरची जागा. ती महत्त्वाची आहेच, पण पसंत पडली नाही तर चार दिवसांत बदलता येते. निवडताना काही गोष्टी बघितल्या की पुरे.

पहिली गोष्ट, सर्व्हर कुठे आहे? जालन्यापासून मुंबई साधारण चारशे किलोमीटर. फायबरमधून सिग्नल जाऊन यायला काही मिलिसेकंद. अमेरिकेतल्या सर्व्हरशी बोलायला तेच दोनशे मिलिसेकंदांच्या वर जातं, आणि एक पान उघडताना अशा फेऱ्या अनेक होतात. अमेझॉननं 2016 साली मुंबईत आपली सर्व्हर-केंद्रं सुरू केली, नवी मुंबई-पनवेलचा पट्टा तर देशातल्या डेटा सेंटरचं माहेरघर झाला आहे. ग्राहक महाराष्ट्रातला असेल तर सर्व्हर मुंबईचाच मागावा. तरीही मंठ्याच्या एखाद्या खेड्यात वेबसाइट उघडत नसेल, तर दोष बहुतेक वेळा सर्व्हरचा नसतो. मोबाइलवर काढलेला पाच-पाच एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवलेला असतो. तो शंभर-दीडशे केबीवर आणला की सर्वांत स्वस्त होस्टिंगही पळू लागतं. शेकडो रुपयांचं वरचं पॅकेज घेण्याआधी हे करून बघावं.

दुसरी गोष्ट दराची. जाहिरातीत महिन्याचा दर ठळक दिसतो. तो बहुधा तीन-चार वर्षांचे पैसे एकदम भरले तरच लागू असतो आणि नूतनीकरणाच्या वेळी दुप्पट-तिप्पट होतो. त्यामुळे एकच प्रश्न विचारावा: ‘दुसऱ्या मुदतीचा दर किती, जीएसटीसकट?’ ‘अनलिमिटेड’ हा शब्द दिसला तर अटींमध्ये फाइलींच्या संख्येची आणि प्रोसेसरच्या वापराची मर्यादा शोधावी, ती असतेच. ‘99.9 टक्के अपटाइम’ म्हणजे वर्षात पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. वर्षभर विखुरलेले पावणेनऊ तास कुणाला जाणवणार नाहीत. पण बियाण्याच्या कंपनीसाठी जूनचा दुसरा आठवडा आणि जानेवारीचा दुसरा आठवडा सारखा नसतो. मृगाचा पाऊस पडला की चार दिवसांत विक्रेत्यांचे फोन आणि चौकशा तुटून पडतात. अशा धंद्यानं गरजेला क्षमता वाढवून मिळणारं होस्टिंग घ्यावं आणि मे महिन्यातच तपासून ठेवावं. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही. एसएसएल, म्हणजे वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे कुणी मागत असेल, तर लहान वेबसाइटला ते द्यायची गरज नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा ते फुकट देते आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपोआप बसवतात.

तिसरी गोष्ट बॅकअपची, आणि इथे थोडं थांबलं पाहिजे. 10 मार्च 2021 च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग शहरात ओव्हीएच या युरोपातल्या मोठ्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली. एक अख्खी इमारत जळाली आणि लाखो वेबसाइट बंद पडल्या. ज्यांनी बॅकअपचे पैसे भरले होते अशा काही ग्राहकांचाही डेटा गेला, कारण बॅकअप त्याच ठिकाणी ठेवला होता. 2023 मध्ये फ्रेंच न्यायालयानं अशा ग्राहकाला भरपाई द्यायला लावली. पैसे मिळाले, डेटा गेला तो गेलाच. म्हणून बॅकअप होस्टिंगवाल्याकडे असला तरी महिन्यातून एकदा पूर्ण प्रत उतरवून कार्यालयातल्या हार्ड डिस्कवर ठेवावी. ऑर्डरी, ग्राहकांची यादी, उत्पादनांचे फोटो हे सारं त्यात येतं. वर्डप्रेसवर बनवलेल्या वेबसाइटसाठी हे काम दहावी झालेली मुलगीही शिकू शकते.

कुणाकडून घ्यावं, याचं उत्तर दूर शोधायची गरज नाही. मुंबईच्या तुरखिया बंधूंनी 1998 साली वडिलांकडून उसने घेतलेल्या पंचवीस हजार रुपयांवर डायरेक्टी सुरू केली. बिगरॉक आणि रीसेलरक्लब ही नावं त्यांचीच, पुढे 2014 मध्ये ती अमेरिकी कंपनीनं विकत घेतली. नाशिकमध्ये ईएसडीएस आणि माइल्सवेब उभ्या राहिल्या. मराठीत बोलणारा माणूस फोनवर मिळणं ही खरी सोय आहे, ती जरूर घ्यावी. अट एकच: डोमेन एका ठिकाणी, होस्टिंग दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही एकाच खात्यात असली की भांडण झाल्यावर मालक दोन्हीकडून अडकतो. डोमेन आपल्या नावावर असेल तर ट्रान्सफरसाठी लागणारा सांकेतिक क्रमांक पाच दिवसांत देणं आयकॅनच्या नियमांनी रजिस्ट्रारला बंधनकारक आहे. नाव दुसऱ्याच्या नोंदीत असेल तर हा नियम त्या दुसऱ्याच्याच कामाला येतो.

‘वेबसाइट हवीच कशाला, व्हॉट्सअॅप आहे ना,’ असं बाजारात सर्रास ऐकू येतं. रोजच्या उलाढालीला व्हॉट्सअॅप उत्तमच. पण 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅप सुमारे सहा तास एकदम बंद पडलं होतं, आणि त्या काळात त्याच्याच भरवशावर असलेल्या दुकानाला गिऱ्हाइकाशी बोलायला दुसरी वाट नव्हती. ज्याची स्वतःची वेबसाइट आणि स्वतःचा ईमेल आहे, त्याचा धंदा कुणा एका अॅपच्या मर्जीवर राहत नाही. मात्र स्वतःच्या साइटवर विक्री सुरू केली की ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 लागू होतात: कायदेशीर नाव, पत्ता, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर असलं पाहिजे, तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात. बचत गटांनाही हे कुणी तरी सांगायला हवं.

देवनागरी नावांबद्दल थोडं. 27 ऑगस्ट 2014 पासून ‘डॉट भारत’ देवनागरीत मिळतं आणि मराठी त्यात पहिल्या दिवसापासून आहे. पिशवीवर, ट्रॉलीवर, जत्रेतल्या फलकावर ते नाव लगेच वाचता येतं, ही जमेची बाजू मोठी आहे. अडचण अशी की अनेक ईमेल सेवा आणि ऑनलाइन फॉर्म अजून देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत. तेव्हा रोमन नाव मुख्य ठेवावं, देवनागरी नाव सोबत घेऊन त्याच साइटकडे वळवावं. जालना मोसंबीच्या संघानं दोन्ही घ्यावीत, अशी या पत्राची आग्रहाची विनंती आहे.

आणि आता आपल्याकडे मागणं काय, ते.

मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना, उमेदचे बचत गट, शेतकरी उत्पादक कंपन्या; या सगळ्यांच्या प्रकल्प अहवालात विपणनाचा एक मथळा असतो आणि आता त्यात वेबसाइटचा खर्चही दाखवला जाऊ लागला आहे. जिल्हा उद्योग केंद्रानं आणि कृषी विभागानं एवढी अट घालावी की वेबसाइटचं बिल तीन ओळींत हवं: डोमेन वेगळं, होस्टिंग वेगळं, बनवणावळ वेगळी. डोमेनची नोंदणी उद्योगाच्या नावावर असल्याचा पुरावा, म्हणजे हूइज नोंदीची छापील प्रत, फाइलला जोडल्याशिवाय ती रक्कम मंजूर होऊ नये. ही प्रत कुणालाही फुकट, दोन मिनिटांत काढता येते. डॉट इन नाव निक्सीच्या संकेतस्थळावर टाकलं की नोंदणी कुठल्या संस्थेची, कुठल्या रजिस्ट्रारकडे आणि कधीपर्यंत, हे समोर येतं. सातबारा ऑनलाइन बघायला शिकलेल्या तालुक्यांना हे अवघड जाणार नाही.

दुसरं मागणं नोंदणीतल्या ईमेलचं: तो कुणा संचालकाचा वैयक्तिक नसावा. आपल्या कार्यालयासारखा पदाचा असावा. शेतकरी उत्पादक कंपन्यांत दर काही वर्षांनी संचालक बदलतात, भागीदारीत वाटण्या होतात, मालक अचानक जातो. अशा वेळी यंत्रांची, गोदामाची, वाहनांची यादी होते आणि डोमेन त्यात नसतं. सनदी लेखापालांनी ताळेबंदासोबतच्या मालमत्तेच्या यादीत डोमेनची नोंद घेण्याची सवय लावली, तर पुढची अनेक भांडणं वाचतील. यासाठी शासन निर्णयाची गरज नाही, जिल्हा उद्योग केंद्राचं एक परिपत्रक पुरे.

तिसरं मागणं माणसांचं आहे. खेड्यातला उद्योजक पहिला जातो तो आपले सरकार सेवा केंद्रात. तिथल्या चालकांना दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यावं. शासकीय तंत्रनिकेतनातली संगणक शाखेची मुलं महिन्यातून एक दिवस जिल्हा उद्योग केंद्रात बसली आणि येणाऱ्या प्रत्येक उद्योजकाच्या वेबसाइटची नोंद तपासून दिली, तर मुलांनाही काम शिकायला मिळेल. ज्यांचं नाव दुसऱ्याच्या खात्यात सापडेल, त्यांच्यासाठी बनवणाऱ्याला बोलावून नोंद बदलून घ्यावी. बहुतेक मुलं आनंदानं करून देतील. मागणारा कुणी भेटत नाही, इतकंच. नोंद बदलल्यावर किंवा नाव नवं घेतल्यावर काही वेळा ते 60 दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, म्हणून हे काम मुदत संपायच्या तोंडावर न करता आधी करावं लागतं. बियाण्याच्या कंपन्यांसाठी ते फेब्रुवारीतच सुरू व्हायला हवं, म्हणजे मृगाआधी सगळं जागेवर बसलेलं असेल.

कळावे.

आपला,
जालना जिल्ह्यातला एक नागरिक